साडेसहा हजार पावलं

—अगं तिथे नको, तिथे नको बसूस, तुझी सावली येते कॅमेऱ्याच्या चौकटीत. इकडे ये, या दगडामागे. हं. ती काठी आडवी ठेव. आता चार वाजेपर्यंत काही काम नाही, सूर्य खाली यायची वाट बघायची, बस. आत्ता खाली काय दिसतंय तुला? काही नाही ना? पांढऱ्यावर पांढरं. पाच जणांनी सकाळपासून तंगडतोड केली, आणि या क्षणी कुणी इथे आलं तर म्हणेल, तळं आहे, बर्फ आहे, चला घरी. पण चार वाजता ऊन आडवं झालं ना, की प्रत्येक पावलात सावली भरते — निळी — आणि मध्याकडे गुंडाळत गेलेले सातच्या सात फेरे एकदम वर येतात. तळ्यानं डोळा उघडावा तसे. दहा मिनिटं. फार तर पंधरा. मग ती पलीकडची टेकडी ऊन खाऊन टाकते. रात्री वारा सुटणार आहे, उद्या सकाळी तळं कोरं. म्हणून तर करते मी हे. राहिलं असतं तर केलंच नसतं.

नको, कॉफी नको, मला सारखं जावं लागतं मग. पाव दे. वेलदोड्याचा, वेणी घातलेला — घरी केलास? तुमच्या डलूथ शहरातही हाच पाव? इथे तर ज्याच्या त्याच्या पिशवीतून हाच निघतो. लोखंडाच्या खाणी बंद पडल्या, शाळा बंद पडल्या, हा पाव काही बंद पडत नाही. चांगला झालाय. थोडा कोरडा आहे.

तू आज चांगली चाललीस. मी असं कुणाला सांगत नाही, विचार हवं तर. बाकीच्या तिघांना मी चार-चार वेळा समजावलं — रेषेत नसलेलं एकही पाऊल तळ्यावर पडता कामा नये. आत जायचं ते रेषेवरून, बाहेर यायचं ते त्याच रेषेवरून. जाताना रेषा उमटते, येताना खोल होते. दुसऱ्यांदा पाय पडला नाही तर ती सावली धरत नाही. एवढं सोपं आहे. तर एक जण विचारतो, बाई, लघवीला लागली तर? मी म्हटलं, लागली तर लागली, रेषेवरच! आणि तू? तू नुसती मान हलवलीस, बर्फावर चालायचे जाळीचे बूट बांधलेस आणि निघालीस. काठीनं ठोकत, एका लयीत, मध्यापर्यंत. परत येतानाही तसंच. मला वाटलं, चला, या देशात अजून एक तरी माणूस आहे ज्याला कमी बोलता येतं. काय नाव म्हणालीस तुझं — कायसा. कायसा पीटरसन. बरं.

काय? — हो, गेल्या वर्षीही हेच. हेच तळं, हेच सात फेरे, फेब्रुवारीच. तू पाहिलायस तो फोटो? कुठे? — दवाखान्यात? भिंतीवर लावलाय? बघ म्हणजे. मी ज्या लोकांसाठी करत नाही नेमके तेच लावतात. शांत वाटतं म्हणे बघून. पेशंटना शांत वाटतं. पण त्या एका फोटोनं सगळं झालं, हे मात्र खरं. त्याआधी मी सहा वर्षं तळ्यांवर, वाळूवर, कापणी झालेल्या शेतांवर पाय झिजवले, कुणी कुत्रं विचारत नव्हतं. कॉलेजातले माझे सर म्हणायचे, थोरा, तुझं काम अचूक आहे, पण गार आहे. गार! बर्फावर काढलेलं चित्र काय गरम असणार? आणि मग तो फोटो आला आणि सगळे म्हणायला लागले, रेषेत जीव आहे. रेषा श्वास घेतेय. एका बाईनं तर लिहिलं की बाहेरच्या तीन फेऱ्यांत रेषा दमलेली वाटते, आणि हेच त्या चित्राचं मोठेपण. दमलेली! बरोबर बघितलं होतं हं तिनं. डोळा आहे बाईला. नीट बघितलंस तर बाहेरच्या तीन फेऱ्यांत उजवं पाऊल लांब आहे. मागे शेपूट आहे त्याला. पाय उचलला नाहीये, ओढलाय.

ते आर्वोमुळे. आर्वो कांगास. याच गावचा. शाळेची बस चालवायचा, निवृत्त झाला, मग दिवसभर बर्फाला भोक पाडून माशांची वाट बघत बसायचा, जसे हे सगळेच बसतात — साठीचा असेल. मला तो पेट्रोल पंपावर भेटला. मी विचारलं, तळ्याचा बर्फ किती जाड आहे, तर म्हणाला, बर्फ जाड आहे पोरी, पण वरती बघू नकोस, मधलं बघ. मधलं म्हणजे काय, तर खालची लादी आणि वरचा भुसभुशीत बर्फ यांच्यामध्ये कधी कधी पाणी साचतं. रबडा होतो. वरून काही कळत नाही. पाय घातलास की घोट्यापर्यंत आत. बुडत नाहीस, पण भिजतेस, आणि उणे पंचवीसमध्ये भिजणं म्हणजे — तुला काय सांगायचं, तू इकडचीच. तर तो म्हणाला, मी येतो, मी ठोकून ठोकून जातो. पैसे नकोत म्हणाला. घरी कोण आहे मला, म्हणाला, एक पोरगी, ती लांब असते. मला 'मास्तरीणबाई' म्हणायचा. मी नियम सांगितला तेव्हा हसला — तेहेतीस वर्षं मी पोरांना सांगितलं, मास्तरीणबाई, की बस थांबेपर्यंत उठायचं नाही. आता तुम्ही मला सांगा.

आणि मध्यापर्यंत जाऊन परत यायचं काम त्यालाच दिलं मी. कारण तो सगळ्यांत सरळ चालायचा.

तर झालं असं की मध्यावर पोचला, वळायला लागला, आणि तिथेच तो रबडा होता. ठोकलं असेल, नसेल, मला काय माहीत. उजवा पाय आत. बूट भरला. दीड वाजला होता. मी इथेच होते, याच दगडापाशी, दुर्बिणीतून बघत. तो वाकला, पाय झटकला, मग उभा राहिला आणि इकडे बघितलं.

आता नीट ऐक, कारण हे लोकांना समजत नाही. मध्यापासून काठ सरळ तीनशे पावलं आहे. तीनशे. काठावर ट्रक, ट्रकमध्ये हीटर. आणि रेषेवरून यायचं तर साडेसहा हजार. सात फेरे, प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा मोठा. दर फेऱ्याला काठ समोर येतो आणि परत लांब जातो. तर बाकीच्यांना हे म्हणजे — क्रूर वगैरे वाटतं. मला सांग, क्रूर काय त्यात? चित्राचा आकार आहे तो. मी काही त्याच्यासाठी काढला नव्हता तो आकार.

काय म्हणालीस? — वॉकीटॉकी? हो, होता ना त्याच्याकडे, तुझ्याकडे आहे तसाच. — हो, थंडीत बंद पडला. तसं छापून आलं होतं, बरोबर आहे. बॅटरी बसते थंडीत. सगळ्यांनाच माहीत आहे.

असं का बघतेस?

बरं, हे बघ. तू आज चाललीस तशी जी चालते तिला हे समजेल म्हणून सांगते. खाली त्या तिघांसमोर बोलू नकोस. बंद नव्हता पडला. म्हणजे — चालत होता. तो बोलला. 'मास्तरीणबाई, पाय ओला झालाय. सरळ येऊ का?' एवढंच. ओरडला नाही काही. पंपावर पेट्रोल किती भरू विचारावं तसा. आणि मी — दोन सेकंद गेले असतील — मी म्हटलं, रेषेवरून ये. आणि तो म्हणाला, 'बरं.'

बरं म्हणाला, कायसा! साठ वर्षांचा माणूस, जन्म या तळ्यावर गेलेला, मी एकोणतीसची, शहरातली. त्याला कळत नव्हतं का? मी काय त्याचे पाय बांधले होते? तो सरळ आला असता तर मी काय करणार होते इथून, दगड मारणार होते? त्यानं शब्द दिला होता आणि तो त्यानं पाळला. मला त्याचा आदर वाटतो. मी तो आदर करते आणि लोक त्याची कीव करतात. सांग, अपमान कोण करतंय त्याचा?

तेव्हाची बाकीची तिघं? त्यांना दिसत होतं खालून की तो लंगडतोय. एक जण स्लेज घेऊन निघाला होता. मी सांगितलं, आर्वो म्हणतोय ठीक आहे, तुम्ही हलू नका. — नाही, असं म्हणाला नव्हता तो. पण स्लेज गेली असती तर सातही फेरे आडवे कापले गेले असते. त्या दिवसासाठी मी अकरा दिवस हवामान बघत बसले होते. अकरा दिवस त्या मोटेलात, त्या मालकिणीच्या बटाट्याच्या कॅसरोलवर.

आणि चौथ्या फेऱ्यात तो परत बोलला. काठाच्या अगदी समोर होता तेव्हा, म्हणजे ट्रक दिसत होता त्याला, ट्रकच्या नळीतून धूर निघत होता तो दिसत होता. म्हणाला, 'आता दुखत नाहीये.' मी म्हटलं, छान. खरंच मला वाटलं, चला, बरं झालं, चालून चालून ऊब आली. आता इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की दुखायचं थांबतं ते कशानं. मलाही ठाऊक होतंच — म्हणजे आता आहे. आता ठाऊक झालंय. तेव्हा मी बघत होते की पाय ओढतोय आणि मागे शेपूट उमटतंय, आणि आधी राग आला, सांगते तुला, खरंच राग आला की हा माझी रेषा बिघडवतोय. आणि मग दुर्बिणीतून बघता बघता मला दिसलं की बिघडत नाहीये. सुधारतेय. सहा वर्षं जे मला येत नव्हतं ते त्याचा पाय करत होता. तू सांग, अशा वेळी कुणी थांबवेल?

तीन वीसला पोचला काठावर. फोटो चारला झाला. नाही, मी लगेच खाली नाही गेले, कशी जाणार? ऊन यायला चाळीस मिनिटं राहिली होती. त्या तिघांनी नेलं त्याला. बूट कापून काढावा लागला. पुढचा अर्धा पाय गेला. अर्धाच. टाच आहे.

तो काही बोलला नाही हं माझ्याविरुद्ध. चौकशीला माणूस आला होता, त्याला म्हणाला, वॉकीटॉकीचं मला आठवत नाही. त्यानं तुला वाचवलं, असं मला कुणीतरी म्हणालं. वाचवलं काय? त्याला समजलं होतं, एवढंच. मी त्याला फोटोची प्रत पाठवली. सर्वांत मोठी, चौकटीसकट, सही करून — 'आर्वोस, ज्याच्या पावलांनी हे झालं.' उत्तर नाही. साधं पोचली म्हणूनही नाही. ही माणसं अशीच, तोंडातून शब्द काढायला वीज लागते जशी — काय? — भिंतीकडे तोंड करून ठेवलीय? बाहेरच्या खोलीत? तुला कुणी सांगितलं? — असं. गावात बोलतात. बोलणारच, गाव केवढं, चारशे डोकी आणि एक बार. ठेवू दे. उलटी ठेवली म्हणून चित्र उलटं होत नाही.

नाही, तू तोंड वाकडं करू नकोस. मला कंटाळा आलाय या तोंडांचा. तू त्या बाजूला बघ. त्या लाल टेकड्या दिसतात ना? त्या टेकड्या नाहीत, खाणीतून काढून टाकलेली माती आहे. शंभर वर्षं इथल्या जमिनीची आतडी बाहेर काढली, लोखंड नेलं, पूल बांधले, रणगाडे बांधले, आणि भोकं तशीच सोडून गेले. त्यात किती पाय गेले असतील? किती हात? त्यांचा फोटो कुणाच्या दवाखान्यात आहे? मी काय घेतलं इथून? एक खडा घेतला? काडी मोडली? मी येते, चालते, आणि वारा सगळं पुसून टाकतो. मागे काही ठेवत नाही मी. हाच सगळा मुद्दा आहे, काही मागे ठेवायचं नाही. जगात एवढं स्वच्छ काम दुसरं दाखव मला. आणि यांना त्यात दिसतो काय, तर एक पाय.

पावणेचार झाले. जा तू आता खाली, ट्रकमधून दुसरी बॅटरी घेऊन ये कॅमेऱ्याची, डाव्या कप्प्यात आहे, खिशात अंगाशी धरून आण म्हणजे गार पडायची नाही. दहा मिनिटांत ये. काठी नेतेस? ने. तुझा वॉकीटॉकी चालू ठेव. आणि कायसा — हे जे बोलले ते बोलले. तू शहाणी आहेस.

*

हॅलो. मिळाली का? डावा कप्पा. — कायसा, मिळाली का? अगं ट्रक मागे राहिला, तू कुठे चाललीस? तो काठ आहे. काठावर नको, वरून दिसतं ते, तिथे आधीच पुरेशी पावलं — हॅलो?

काय? परत बोल. — सरळ जाऊ का म्हणजे? कुठे सरळ? हे बघ, चेष्टा नको, सात-आठ मिनिटं राहिलीयत. — ऐकू आलं, ऐकू आलं, किती वेळा विचारशील? — हो. स्वच्छ ऐकू आलं. खरखर नाही काही. बॅटरी उत्तम आहे. झालं समाधान? आता मागे फीर.

मागे फीर म्हणते ना!

अगं ए — बाहेरचा फेरा तुडवलास. तुडवलास तू. कळतंय का काय केलंस? सकाळपासून — तू स्वतः चाललीयस त्यावर! थांब. जिथे आहेस तिथे थांब, एकच ठसा आहे, तो मी नंतर — थांब!

दोन वेळा ठोकून मग काठी पुढे सरकवतेस. ठक ठक, सर्र. ठक ठक, सर्र. सकाळी मला वाटलं, इकडचे सगळेच असं ठोकत असतील. आणि मुठीला ती लाल पट्टी — आर्वोनं मला सांगितलं होतं, बसच्या मागच्या दिव्याला लावायची पट्टी उरली होती, ती काठीला गुंडाळली. पोरगी लांब असते म्हणाला. पीटरसन हे सासरचं नाव असणार. वाचायला शिकायच्या आधी तळ्यावर चालायला शिकली म्हणाला. बोल ना. बोल काहीतरी. आत्ता विचारत होतीस ना इतकं?

ठीक आहे, तर मग तू ऐक. तुला वाटतंय तू काहीतरी मोठं करतेयस? तीनशे पावलं चालतेयस, कोरड्या बुटात. तुझा बाप साडेसहा हजार चालला. तुझ्यात त्याच्या अर्ध्या पायाएवढीही — नाही, ऐक, तसं नाही, कायसा, ऐक. मी येते त्याच्याकडे. उद्याच येते. समोर बसून सांगते त्याला, जे सांगायचं ते. चौकशीवाल्यालाही सांगते. तू फक्त आता वळ आणि तुझ्याच पावलांत पाय टाकत मागे ये, एक रेघ मी झाकू शकते, काठावरून बर्फ टाकून — ऊन यायला अजून पाच — चार —

पाचवा फेरा. सहावा.

आलं ऊन.

अगं बाई. आलं.

सगळे फेरे उठलेत. आणि मधोमध तुझी रेघ. चाकूनं फळ कापावं तशी. सरळ आहे गं. किती सरळ चालता तुम्ही माणसं. थांब, मध्यावर पोचलीस ना, तिथेच थांब, तोंड इकडे कर. हात खाली. कॅमेऱ्यात आहे अजून थोडी बॅटरी, दोन-तीन फोटो निघतील. हलू नकोस. — हं. — अजून एक. — हं.

वॉकीटॉकी बंद केलास होय? कर. मला दिसतेयस तू.

ऐक, ऐकत असशील तर — एक रेघ ठीक आहे, एक चालेल, एकीला अर्थ आहे, दुसरी नको. निदान परत येताना तरी रेषेवरून ये.